आमचा हप्ता, त्यांचा कोळसा

(भोर येथे युवकांच्या अभ्यासशिबिरात दिलेलं भाषण. टेपवरून उतरवलं, थोडं नीट केलं.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'हवामानबदल आणि निर्गुंतवणूक'. सकाळी चहाच्या वेळी एक पोरगा मला म्हणाला, 'दादा, निर्गुंतवणूक तर सरकार करतंय. आपण तिच्याविरुद्ध घोषणा दिल्या. आता तुम्ही तिच्या बाजूनं बोलणार काय?' पोरगा बरोबर बोलला. तेव्हा आधी शब्दाचा घोळ निस्तरू.

सरकारची निर्गुंतवणूक म्हणजे लोकांच्या पैशातनं उभा केलेला कारखाना शेठजीला विकणं. २००१ साली बाल्कोचे ५१ टक्के शेअर स्टरलाइटला विकले. कारखाना तोच, भट्टी तीच, पण मालक खाजगी झाला की नव्या भरतीतलं आरक्षण संपलं. ज्या दारातनं आपल्या दोन पिढ्या आत शिरल्या ते दार बंद झालं. त्या निर्गुंतवणुकीला आपला विरोध होता आणि आहे.

मी बोलणार ती वेगळी. अमेरिकेतल्या कॉलेजांमधनं ती २०११-१२ च्या आसपास उठली. तिथल्या विद्यापीठांकडं देणग्यांचे गडगंज फंड असतात आणि ते फंड शेअरबाजारात लावलेले असतात. पोरांनी विचारलं, आमच्या फीवर आणि नावावर जमवलेला हा पैसा कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांत का? ज्या धुरानं आमचं पुढचं आयुष्य जाळायचं ठरवलंय त्या धुराचे भागीदार आम्ही का व्हायचं? पैसा काढून घ्या. तेवढीच मागणी. २०१४ साली रॉकफेलर घराण्याच्या एका फंडानंही असा पैसा काढायचं जाहीर केलं. म्हणजे ज्यांच्या आज्यानं जगाला रॉकेल विकून तिजोऱ्या भरल्या, त्यांच्या नातवंडांना तेलाचा वास यायला लागला! २०२१ साली हार्वर्डही वळलं. मी आज या प्रकाराला 'पैसा काढून घेणं' एवढंच म्हणणार आहे. निर्गुंतवणूक हा शब्द दिल्लीच्या मंत्रालयाला राहू द्या.

आता म्हणाल, भोर-वेल्ह्यात कोळशाचं काय काम? खरंय. आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात (सरकारनं २०२४ साली तालुक्याचं नाव राजगड केलं, पण आमच्या तोंडात वेल्हंच बसलंय) कोळसा म्हणजे लाकडाचा. कातकरी भट्ट्या लावायचे आणि व्यापाऱ्याची उचल फेडता फेडता म्हातारे व्हायचे. दगडी कोळसा इथं कुणाच्या शेतात निघाला नाही. पण स्वतः बुडून दुसऱ्याच्या घरी उजेड आणि पाणी पोचवायचं म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांना कुणी शिकवायला नको. भाटघरचं धरण इंग्रजानं १९२८ साली पुरं केलं. खोरं बुडालं भोरचं आणि पाणी गेलं डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरला, उजव्या कालव्यानं फलटण-माळशिरसला. ऊस तिकडं, साखर तिकडं, साखरेचे सम्राट तिकडं. पानशेत आणि वरसगावचं पाणी पुण्याच्या नळाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुण्यात पाणी शिरलं, त्या पुराच्या आठवणी पुणेकर अजून सांगतात. धरणाच्या आत जी गावं कायमची गेली त्यांच्या आठवणी कोण सांगणार? धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मावळातल्या हंड्या-कळशीखाली दबलेल्या एखाद्या बाईनंच पहिल्यांदा उच्चारली असणार, असं मला आपलं वाटतं.

आणि शेजारी मुळशी. १९२१ साली टाटांच्या वीज कंपनीविरुद्ध तिथं सत्याग्रह झाला. मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला वीज पाहिजे होती आणि ती मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी साठवून मिळणार होती. सेनापती बापट तुरुंगात गेले. सावकार-जमीनदारांनी मोबदल्यावर तडजोड केली, कसणारा उघड्यावर आला, सत्याग्रह १९२४ पर्यंत विझला. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच, जे दुसऱ्याच्या बांधावर राबत होते, त्यांना तर बुडताना कुणी मोजलंही नाही.

मी मुळशी काढली ती इतिहास सांगायची हौस म्हणून नव्हे. त्याच कंपनीचा पुढचा धागा बघा. टाटा पॉवरनं गुजरातेत कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्र्याला ४,००० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र उभं केलं. जागतिक बँकेच्या कुळातल्या आयएफसी नावाच्या संस्थेनं त्याला २००८ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तिथल्या मच्छिमारांचं म्हणणं, गरम पाण्यानं मासळी गेली, राखेनं वाळवण खराब झालं. त्यांनी कंपनीला सोडलं आणि कर्ज देणाऱ्याला धरलं! थेट अमेरिकेच्या कोर्टात. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून सरसकट अभय नाही. पुढं खालच्या कोर्टांत तो खटला टिकला नाही, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या भाषणात ठोकून द्याल की मच्छिमार जिंकले. पण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं. चिमणीवर मोर्चा नेला तर दारावर वॉचमन असतो. चिमणीला पैसा ज्या खिडकीतनं जातो तिथं बहुधा कुणीच नसतं.

त्याच टाटा पॉवरमधनं नॉर्वेच्या सरकारी फंडानं पैसा काढला. नॉर्वेच्या संसदेनं २०१५ च्या जूनमध्ये ठरवलं की ज्या कंपन्यांचा तीस टक्क्यांवर धंदा कोळशाचा, त्यांच्यात आपल्या पेन्शनचा पैसा नको. २०१६ साली नावांची यादी निघाली, त्यात हे नाव होतं. ज्या कंपनीला मुळशीचे मावळे छातीवर लाठ्या घेऊन हलवू शकले नाहीत, तिच्यातनं ऑस्लोतला कुणी साहेब एका सहीनं बाहेर पडतो. गंमत बघा, नॉर्वेच्या त्या फंडात पैसा आला तोच समुद्रातल्या तेलाचा. गोऱ्यांचं सोवळं असंच असतं, पळीभर पाणी शिंपडलं की झालं शुद्ध.

हवामानाचं विज्ञान मी थोडक्यात सांगतो, ते सांगायला इथं माझ्यापेक्षा शिकलेले बसलेत. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानाची सरकारी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याला वाफ पुरवतोय तो अरबी समुद्र. हवा तापली की ती जास्त वाफ धरते, आणि धरलेली वाफ एका दिवसात टाकते. बस. पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. इथनं वरंधा घाट उतरलं की महाड. आपण वीस मार्चला चवदार तळ्यावर जातो ती ही वाट. २२ जुलै २०२१ ला त्या घाटाखालच्या तळीये गावावर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. घाटाचा रस्ताही खचला. आता, प्रत्येक दरड धुरानंच पडते असं मी म्हणणार नाही. डोंगर पोखरणारे, झाडं तोडून प्लॉट पाडणारे इथंच पांढरे कपडे घालून फिरतात आणि त्यांना 'हवामानबदल' हा शब्द फार सोयीचा झालाय. सगळं आभाळावर ढकलता येतं. पण आभाळही बदललंय, हे खोटं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. गावानं आपल्यावर तो घातलाय. दळण बंद, किराणा बंद, मजुरी बंद, पाणवठा बंद. या शस्त्राचं टोक कसं लागतं ते आपल्या अंगाला माहीत आहे. म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांनी जगाला सांगितलं की आमच्या गोऱ्या सरकारशी धंदा करू नका, तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला लगेच कळला. भारतानं तर १९४६ सालीच तिकडचा व्यापार तोडला होता. विलायतेतल्या पोरांनी बार्कलेज बँकेतली खाती वर्षानुवर्षं बंद केली, आणि १९८६ साली बार्कलेजनं दक्षिण आफ्रिकेतला गाशा गुंडाळला. वर्णभेद एकट्या बँकेनं पाडला नाही. तो सोवेटोच्या रस्त्यांवर, खाणींतल्या संपांत रक्त सांडून पडला. पण सावकार पाठीमागनं सरकला की राजाचे पाय लटपटतात. आर्चबिशप टुटूंनी २०१४ साली म्हणूनच सांगितलं की आता तेच शस्त्र कोळसा-तेलाच्या कंपन्यांवर उचला.

इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवाल. थांबा. आपल्यापुरता यात एक पेच आहे, आणि मी आलोय तो त्यासाठी.

हार्वर्डकडं काढायला पैसा आहे. नॉर्वेकडं आहे. आपल्याकडं काय? शिरवळच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणाऱ्या पोराकडं, पुण्यात सोसायटीच्या गेटवर बारा तास उभ्या असणाऱ्या त्याच्या बापाकडं, धुणंभांडी करणाऱ्या आईकडं कुठले शेअर? हेच आजवर आपण म्हणत आलो आणि विषय सोडून दिला. पण नीट बघा. पगारातनं बारा टक्के पीएफ कापला जातो. (कंत्राटदार तो भरतो की खातो, ते वेगळं भाषण.) विम्याचा एजंट दारात येतो, तो आपल्याच नात्यातला असतो, आई पदराच्या गाठीतनं हप्ता काढते. माझ्या आईनं भातलावणीच्या मजुरीतनं पंधरा वर्षं हप्ता भरला. तिला कुणी विचारलं का, बाई, हा पैसा कुठं लावू? तिला काय, मलाही कुणी विचारलं नाही, आणि मी तर पदवीधर!

तो पैसा कुठं जातो, सांगतो. कोल इंडिया ही जगातली सर्वांत मोठी कोळसा कंपनी. २०१० साली तिचे शेअर बाजारात आणले. जानेवारी २०१५ मध्ये सरकारनं आणखी दहा टक्के विकायला काढले आणि साडेबावीस हजार कोटी गोळा केले. कुणी घेतले? परदेशी फंडांनी घेतले थोडे, पण मोठा वाटा उचलला एलआयसीनं. म्हणजे सरकारनं डाव्या खिशातला कोळसा उजव्या खिशाला विकला, आणि मधे पैसा होता पॉलिसीवाल्यांचा. आज कोल इंडियात सरकारच्या खालोखाल मोठी भागीदार एलआयसीच. पीएफचंही तसंच. ऑगस्ट २०१५ पासून पीएफ संघटना नव्या पैशातला काही भाग शेअरबाजारातल्या ईटीएफमध्ये घालते. त्यातला एक ईटीएफ सरकारी कंपन्यांचा, आणि त्या गाठोड्यात कोल इंडिया आहे.

जुळवून बघा. २०१५ सालीच नॉर्वेचा पेन्शनवाला कोळशातनं निघायचं ठरवतो आणि २०१५ सालीच भोरचा, भांडुपचा, भिवंडीचा पीएफवाला त्यात ढकलला जातो. त्याला निघताना संसद विचारते. आपल्याला आत घालताना शिपाईसुद्धा विचारत नाही. श्रीमंताच्या ताटातलं नासलेलं अन्न आपल्या वाडग्यात, हा धर्म बदलला पण वाढण्याची रीत नाही बदलली.

कुणी म्हणेल, कोल इंडिया लाभांश चांगला देते, नासलेलं कसं? देते, खरंच देते. आज देते. २०२४-२५ साली देशात कोळशाचं उत्पादन शंभर कोटी टनांच्या वर गेलं. पण विम्याचा पैसा आजच्या लाभांशासाठी नसतो, तो आज वीस वर्षांच्या असलेल्या पोराच्या म्हातारपणासाठी असतो. २०७० पर्यंत देशाचा धूर निव्वळ शून्य करू, असं पंतप्रधानांनी २०२१ साली ग्लासगोत जगापुढं कबूल केलंय. मग सरकार एका तोंडानं कोळसा संपवायची तारीख सांगतं आणि दुसऱ्या हातानं आपलं म्हातारपण कोळशात गुंतवतं. दोन्हीतलं खरं काय धरायचं?

आणि खाजगीतलं बघा. जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्गचा अहवाल आला, बाजार आपटला, तेव्हा कुठं एलआयसीनं पत्रक काढून सांगितलं की अदानी गटात शेअर आणि कर्जरोखे मिळून आमचे ३६,४७४ कोटी आहेत. एकूण पैशाच्या मानानं ते एक टक्क्याहून कमी आहेत, असंही म्हटलं, आणि ते खरं आहे. पण माझा प्रश्न टक्क्याचा नाही. आग लागल्यावरच का सांगितलं? स्टेट बँकेचं तसंच. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या कारमायकल खाणीसाठी अदानींना शंभर कोटी डॉलर कर्ज देण्याचा करार जाहीर झाला. जगातल्या बँका एकेक करून त्या खाणीला नाही म्हणत होत्या. २०२० च्या नोव्हेंबरात सिडनीला भारताची मॅच चालू असताना दोघे जण फलक घेऊन मैदानात घुसले. फलकावर आपल्या स्टेट बँकेचं नाव! टीव्हीवर मॅच बघणाऱ्या किती जणांना कळलं की हे आपल्याच बचत खात्याबद्दल चाललंय? त्या खाणीचं पुढं काय झालं तेही सांगतो. वर्षाला सहा कोटी टन काढायच्या होत्या, ते एक कोटीवर आलं, कंपनीला स्वतःचा पैसा घालावा लागला. पण खाण झाली. २०२१ च्या अखेरीस कोळसा जहाजात चढला. पैसा काढून घेण्यानं एवढं होतं आणि एवढंच होतं. खाण लहान होते, महाग होते, बंद होत नाही. जे लोक चाळीस लाख कोटी डॉलर 'बाहेर काढल्याच्या' गोष्टी सांगतात त्यांच्यापासून सावध राहा. तो आकडा ज्या संस्थांनी वचन दिलं त्यांच्या सगळ्या इस्टेटीचा आहे. कोळशातनं निघालेला पैसा त्याचा एक कोपरा.

मग बाबासाहेबांकडं येऊ, कारण इथं ते थेट येतात, ओढून आणावे लागत नाहीत. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. वीज, पाटबंधारे आणि कोळसा खाणीतले मजूर, सगळं त्यांच्या टेबलावर. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणींत स्वतः उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. महायुद्धाला कोळसा कमी पडत होता, म्हणून सरकारनं बायकांना जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी उठवलेली होती. त्याचं उत्तर असेंब्लीत द्यायची पाळी त्यांच्यावर आली. कोळशाची भूक किती जबरदस्त असते बघा, ती अशा माणसालाही असल्या खुर्चीत बसवते. १९४६ च्या फेब्रुवारीत ती बंदी परत लागू झाली. आणि जानेवारी १९४४ मध्येच कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला होता. खाणीतनं निघणाऱ्या कोळशावर पट्टी बसवायची आणि तो पैसा मजुराच्या घरावर, दवाखान्यावर, पाण्यावर खर्च करायचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कोळशात ज्यानं फुफ्फुसं घातली त्याचा कोळशाच्या पैशावर पहिला हक्क, हे तिथं कायद्यात आलं.

दुसरं. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी घटना समितीपुढं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन ठेवलं. त्यात विमा हा धंदा फक्त सरकारचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा सक्तीचा असावा, असं मांडलंय. कारण काय दिलं? माणसाला सुरक्षितता मिळते हे एक, आणि सरकारला आपल्या आर्थिक योजनांसाठी हक्काचा पैसा मिळतो, सावकारी बाजारात जादा व्याजानं हात पसरावा लागत नाही, हे दुसरं. नऊ वर्षांनी, १९५६ मध्ये, २४५ विमा कंपन्या मिळून एलआयसी झाली. तेव्हा एलआयसीचा पैसा हा आपल्या चळवळीच्या वैचारिक मिळकतीतला आहे, असं मी मानतो. तो कुठं लागतो हे विचारणं म्हणजे शेअरबाजाराच्या भानगडीत पडणं नव्हे. आणि हे विचारलं गेलंय. १९५७ साली एलआयसीनं हरिदास मुंदडा नावाच्या सटोडियाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास घातले. लोकसभेत फिरोज गांधींनी ते उकरलं, मुंबईत न्यायमूर्ती छागलांपुढं उघड चौकशी झाली, बाहेर कर्णे लावले होते लोकांना ऐकायला, आणि देशाचा अर्थमंत्री घरी गेला. सव्वा कोटीवर!

आता तुमच्यातला कुणीतरी उठणार आणि म्हणणार, आमच्या वाडीत अजून दिवसाआड लाइट जाते आणि तुम्ही कोळसा बंद करायला निघालात, हे भरल्या पोटाचं खूळ आहे. त्याचं बरोबर आहे. आपण वीज नको म्हणणारे नव्हेत. बाबासाहेबांनी १९४३ साली वीज समितीपुढं बोलताना विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी लावला होता. आजही देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची आहे. अमेरिकेतला माणूस वर्षाला आपल्या सात-आठ जणांइतका धूर सोडतो. त्यानं आपल्याला 'बाळांनो, चिमणी विझवा' शिकवायचं कारण नाही. पण मग हेही विचारा की चिमणीखाली कोण आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी. २०२२ च्या जुलैत नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यात गेला. पानशेत पाण्याचं होतं, हे राखेचं. पुण्याच्या मॉलमधला एसी ज्या विजेवर चालतो तिची राख विदर्भातला मजूर खातो, आणि त्याच मजुराचा पीएफ त्या चिमणीला भांडवल पुरवतो. याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा.

आणखी एक गोष्ट, जी शहरातले हिरवे लोक बोलत नाहीत. कोळसा सरकारी आहे म्हणून तिथं आपली माणसं कायम नोकरीत आहेत. सूर्यप्रकाशाची वीज आली ती खाजगी मालकाच्या हातानं आली. तिथं आरक्षण कुठंय? युनियन कुठंय? पॅनल पुसायला रोजंदारीवर कोण, आणि जमीन कुणाची, ते जाऊन बघा. नुसता 'कोळशातनं पैसा काढा' म्हणाल तर तो काढलेला पैसा उद्या त्याच शेठजीच्या सौर कंपनीत जाईल आणि धनबादचा, वणीचा कामगार रस्त्यावर. तसं एकदा झालंय. २०१० साली सरकारनं कोळशावर टनामागं पन्नास रुपये पट्टी बसवली, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. वाढवत ती चारशेवर नेली. २०१७-१८ पर्यंत शहाऐंशी हजार कोटींवर जमले. स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांवर प्रत्यक्ष लागले सोळा हजार कोटींच्या आत. मग ती पट्टी जीएसटीच्या भरपाईत विरघळली. १९४४ ची पट्टी खाणमजुराच्या दवाखान्यासाठी होती, ही पट्टी वाटेतच कुठं झिरपली बघा.

म्हणून मी पॉलिसी मोडा म्हणत नाही. पॉलिसी मोडली की सरेंडरमध्ये आपलंच नुकसान, कंपनीच्या केसालाही धक्का नाही. पैसा काढून घेण्याआधी पैसा आपला आहे हे त्यांच्या तोंडून वदवायचं. पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे दहा प्रतिनिधी बसतात. तुमच्या युनियनचा नेता त्यातल्या कुणाला तरी ओळखतो. त्याला धरा, विचारा, कोळशावर मंडळात एकदा तरी तोंड उघडलं का? एलआयसी २०२२ च्या मे महिन्यात बाजारात आली, पॉलिसीवाल्यांना शेअर राखून ठेवले, छान. पण शेअर विकत घेईल त्यालाच आवाज, नुसता हप्ता भरणाऱ्याला नाही, हे आपण मान्य करायचं का? मागणी अशी हवी: कोळशात किती आहे ते दरवर्षी मराठीत छापा. नव्या खाणीला, नव्या चिमणीला आमचा नवा रुपया नाही. आणि जुन्यातनं जो लाभांश येतो त्यातला ठरलेला हिस्सा खाणीतल्या कामगाराच्या पुढच्या नोकरीसाठी आणि राखेखालच्या गावांसाठी, १९४४ च्या निधीसारखा, वेगळा काढा. सरकारी पैशानं सौरऊर्जा उभी राहते तिथं आरक्षण लावा. यातली शेवटची मागणी सगळ्यात कठीण, मला ठाऊक आहे.

सुरुवात माहितीच्या अधिकारानं करू. एलआयसीचे शेअर एखाद्या कंपनीत एक टक्क्यावर गेले की कंपनीला ते बाजारात जाहीर करावं लागतं, म्हणून शेअरचं कळतं. कर्जाचं, रोख्यांचं तितकं सहज कळत नाही. अर्जात तेच विचारायचंय: कोळसा खाणी आणि कोळशाच्या वीजकेंद्रांत रोखे व कर्ज मिळून किती, कोणत्या कंपनीत, कोणत्या सालापासून. ते व्यापारी गुपिताचं कलम दाखवून नाकारतील. नाकारू द्या. तीस दिवसांच्या आत पहिलं अपील टाकायचं, त्याचाही मसुदा केलाय. एकट्यानं टाकू नका, भोरमधून निदान पन्नास अर्ज गेले पाहिजेत, वेल्ह्यातनं वीस, आणि पुण्या-मुंबईच्या शाखांनी आपापला आकडा आज संध्याकाळपर्यंत सांगावा. ज्याच्या घरात पॉलिसी आहे त्यानं आईच्या किंवा बापाच्या नावानं अर्ज करावा, अर्जात पॉलिसीचा नंबर घालायची गरज नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. पोस्ट आज दुपारपर्यंतच उघडं आहे, तेव्हा ज्यांना आजच पाहिजे त्यांनी जेवणाआधी जाऊन या.